व्हर्च्युअल मशीन अडते तेव्हा: उभारणी, वेग आणि स्थलांतर

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष संगणकावर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात, काही बिघाड जाणवला की बहुतेक जण आधी त्या मशीनच्या आत शिरतात. विंडोज अपडेट करतात, अँटिव्हायरस बंद करून पाहतात, मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करतात. दोष मात्र अनेकदा बाहेर, होस्टवर, म्हणजे ते मशीन चालवणाऱ्या प्रत्यक्ष संगणकावर असतो. त्यामुळे कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी दोष होस्टच्या हार्डवेअरमध्ये आहे, हायपरव्हायजरमध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आहे की गेस्टमध्ये (खुद्द व्हर्च्युअल मशीनमध्ये), हे ठरवावे. एका होस्टवरची सगळीच मशीन मंदावली असतील तर एखाद्या गेस्टमध्ये कारण शोधत बसण्यात अर्थ नाही, आणि एकच मंदावले असेल तर होस्टला हात लावण्याची घाई करू नये.

उभारणीतल्या अडचणी त्या मानाने सोप्या असतात. मशीन सुरूच होत नसेल, किंवा 64 बिटची ऑपरेटिंग सिस्टीम चालत नसेल, तर बायोसमधली (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधली) व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद आहे का ते आधी पाहावे. इंटेलच्या मदरबोर्डवर ती व्हीटी-एक्स किंवा नुसत्या व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी या नावाने, तर एएमडीच्या मदरबोर्डवर एसव्हीएम मोड या नावाने आढळते. होस्ट विंडोज असेल तर बायोसमध्ये न जाताही टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये, सीपीयूच्या आलेखाखाली, ती चालू आहे की नाही हे दिसते.

विंडोज होस्टवर व्हर्च्युअलबॉक्स हे हायपरव्हायजर चालते, पण अतिशय संथ चालते आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरव्या कासवाचे चिन्ह दिसते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. त्याचा अर्थ असा, की प्रोसेसरची ती सोय हायपर-व्हीने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या हायपरव्हायजरने, आधीच ताब्यात घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या माध्यमातून काम करावे लागत आहे. 'मी तर हायपर-व्ही कधी घातलेच नाही' हे म्हणणे खरे असू शकते. कारण विंडोजमध्ये लिनक्स चालवण्यासाठीची डब्ल्यूएसएल 2, विंडोज सँडबॉक्स आणि कोअर आयसोलेशनखालची मेमरी इंटिग्रिटी ही सगळी मंडळी आतून तोच हायपरव्हायजर वापरतात. यांपैकी जे नको असेल ते बंद करून संगणक शट डाउन न करता रीस्टार्ट करावा, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये कर्नल पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचे कवच आहे. कार्यालयीन लॅपटॉपवर ते केवळ वेगासाठी काढण्यापेक्षा थेट हायपर-व्हीवरच मशीन उभारणे शहाणपणाचे ठरेल.

वेगाच्या बाबतीत सर्वांत रुजलेला गैरसमज म्हणजे मशीन मंद वाटले की व्हर्च्युअल सीपीयू वाढवायचे. होस्टवर आधीच गर्दी असेल तर त्याने मशीन आणखी मंदावू शकते, कारण प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयूला प्रत्यक्ष कोअरवर आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. व्हीएमवेअर कंपनीच्या हायपरव्हायजरमध्ये या थांबण्याला सीपीयू रेडी म्हणतात. तात्काळ आलेखात हा आकडा 20 सेकंदांच्या टप्प्यागणिक मिलिसेकंदांत दिसतो. म्हणजे एका व्हर्च्युअल सीपीयूमागे 1,000 मिलिसेकंद दिसले तर त्याचा 5 टक्के वेळ निव्वळ वाट पाहण्यात गेला. लिनक्स गेस्टमध्ये टॉप कमांडच्या सीपीयूच्या ओळीत शेवटी दिसणारा स्टील टाइम याच प्रकाराकडे बोट दाखवतो. तो सतत वर असेल तर सीपीयू वाढवण्याऐवजी शेजारच्या, रिकाम्या बसलेल्या मशीनचे सीपीयू कमी करावेत.

मेमरीचे पाहायचे तर होस्ट स्वतः स्वॅप (मेमरी अपुरी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वापरू लागला आहे का, एवढे आधी तपासावे. तसे असेल तर गेस्टमध्ये कितीही खटाटोप केला तरी फरक पडत नाही. डिस्क संथ असेल तर तिला जोडलेला कंट्रोलर जुन्या आयडीई पद्धतीचा आहे की व्हर्टआयओसारखा खास व्हर्च्युअलायझेशनसाठी बनवलेला, हे पाहावे, आणि त्याच वेळी जुने स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या एखाद्या क्षणाच्या जतन केलेल्या स्थिती, शोधावेत, कारण त्यांच्या साखळीनेही डिस्क मंदावते. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. एकच स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे व्हीएमवेअरचेच सांगणे आहे. तरीही महिनोन्‌महिने जुनी साखळी वागवणारी मशीन सर्रास आढळतात.

खरी कसोटी स्थलांतरात लागते. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यावर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली, आणि अनेक लहानमोठ्या कार्यालयांनी प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीची वाट धरली. तिथे विंडोज मशीन आणल्यावर हमखास दिसणारे दृश्य म्हणजे निळा पडदा आणि 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' हा संदेश. डिस्क खराब झालेली नसते. ती ज्या व्हर्टआयओ कंट्रोलरला जोडली आहे त्याचा ड्रायव्हर विंडोजला बूट होताना मिळत नाही, इतकेच. अशा वेळी मूळ डिस्क तात्पुरती साटा कंट्रोलरला जोडून मशीन सुरू करावे आणि सोबत 1 जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओ स्कझी कंट्रोलरला जोडावी. मग व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ (सीडीसारखी लावता येणारी फाइल) लावून ड्रायव्हर घालावेत, ती छोटी डिस्क विंडोजला दिसते आहे याची खात्री करावी, मशीन बंद करावे, आणि त्यानंतरच मूळ डिस्क स्कझीवर हलवून बूटचा क्रम पुन्हा लावावा. छोट्या डिस्कचा खटाटोप गाळू नये, कारण कंट्रोलर प्रत्यक्ष समोर आल्याशिवाय त्याचा ड्रायव्हर बूटच्या यादीत जाईलच असे नाही.

निळा पडदाही न येता मशीन 'बूट करण्यासारखे काही सापडले नाही' असे म्हणत असेल, तर बहुधा जुने मशीन यूईएफआयवर (बायोसच्या नव्या पिढीवर) होते आणि नवे जुन्या पद्धतीच्या बायोसवर तयार झाले आहे, किंवा उलट. हे मूळ ठिकाणी आधीच पाहून टिपून ठेवावे. बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवावी आणि हलवण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे, कारण आभासी टीपीएममधली (किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा चिपच्या आभासी रूपातली) किल्ली डिस्कबरोबर येत नाही. स्नॅपशॉटही आधी एकत्र करून घ्यावेत.

मशीन बूट झाले पण नेटवर्क नाही, हा पुढचा टप्पा. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाचे नाव बदललेले असते, पण कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये जुनेच नाव राहते. तिथे नवे नाव घातले की काम होते. विंडोजमध्ये स्थिर आयपी पत्ता आता अस्तित्वात नसलेल्या जुन्या कार्डाच्या नावावर अडकून राहतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडून ते फिकट दिसणारे कार्ड काढून टाकावे आणि मग नव्या कार्डाला तोच पत्ता द्यावा. जुने मशीन लगेच पुसू नये. त्याचे नेटवर्क तोडून ते बंद स्थितीत ठेवावे आणि नव्या मशीनचा बॅकअप एकदा प्रत्यक्ष रिस्टोअर करून पाहिल्यावरच त्याची जागा मोकळी करावी.