शाळेतून डेंग्यूची मोहीम काढताय? या चुका टाळा

शाळा उघडली, पाऊस लागला की डेंग्यू मोहीम ठरलेलीच. बॅनर, प्रभातफेरी, फोटो ग्रुपवर, संपला विषय. मी सातवीला विज्ञान शिकवते, पहिली दोन वर्षं मी पण हेच केलं, त्यामुळे खालच्या बऱ्याच चुका माझ्याच आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पोरांकडून "पाणी साठवू नका" पाठ करून घेऊन त्यांना घरोघर पाठवणं. आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी, एका आजींनी सरळ विचारलं, "मग प्यायचं काय रे, तुमची घोषणा?" चुकलं काय त्यांचं? आता आम्ही झाका म्हणतो. पिंपावर जुनं सुती फडकं आणि वरून सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी, घट्ट बसते.

कोरडा दिवस (आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करायचा दिवस) म्हणजे पिंप उलटं केलं की झालं, असंही नाही. एडिसची, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची, अंडी पाण्याच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून आतून काथ्याने घासायचं, तेही दर आठवड्याला, कारण अंड्याचा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात.

हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. बरणीत अळ्या घ्या, वरून टॉर्च मारा, वळवळत तळाशी पळतात, पोरं येडी होतात बघून. फक्त तोंडावरची जाळी नीट बांधा. मी शनिवारी घाईत सैल रबर लावून गेले, सोमवारी वर्गात डास आणि दारात एक पालक. ते काय बोलले ते इथे नको.

सर्व्हेत आम्ही अजून एक घोळ घातला, ज्यांच्याकडे अळ्या सापडल्या त्यांची नावं फळ्यावर लिहिली. पुढच्या आठवड्यात निम्मी दारं बंद! आता घराचं नाव नाही, फक्त आळीचा आकडा (आळीतल्या अळ्या, पोरांचा विनोद). समजा ४० घरं बघितली, ६ घरांत अळ्या, म्हणजे १५ टक्के, यालाच हाऊस इंडेक्स म्हणतात, शेकडेवारीचा तासही होऊन जातो. तो आकडा ग्रामसभेत पोरांनीच वाचायचा.

आशाताईंना आधी विचारा, त्यांचा सर्व्हे चालूच असतो, तेच घर दोनदा कशाला. अबेट (पाण्यात टाकायचं अळीनाशक) पोरांच्या हातात द्यायचं नाही. अळ्या खाणारे गप्पी मासे हौदात सोडा, ओढ्यात नको, तिथल्या माशांची पंचाईत होते.

आणि आकडा खाली येतच नसेल तर आधी शाळा तपासा. आम्ही महिनाभर गाव पालथं घातलं, अळ्या निघाल्या बागेच्या कुंपणाच्या टायरांत. आम्हीच रंगवून लावलेल्या.