व्हिएतनामी कुटुंबांशी मनाच्या आजाराबद्दल बोलताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या सॅन होजेमध्ये व्हिएतनामी वस्ती मोठी आहे आणि त्याच शहरात दवाखान्यांत, समुपदेशनात, स्वयंसेवी कामात मराठी माणसंही आहेत. हे त्यांच्यासाठी.

पहिल्याच भेटीत आजाराचं नाव घेणं. व्हिएतनामीत वेड्याला 'दिएन' म्हणतात. दक्षिणेतल्या जुन्या पिढीला तो शब्द ऐकला की बिएन होआ शहरातलं फ्रेंच अमदानीतलं वेड्यांचं इस्पितळ आठवतं, जसं आपल्याकडे नुसतं 'ठाण्याला पाठवा' म्हटलं तरी पुरतं. म्हणून झोप, भूक, डोकेदुखी इथून सुरुवात करा. ही पळवाट नव्हे. बहुतेकदा माणूस तीच तक्रार घेऊन आलेला असतो आणि ती खरी असते. 1982 साली अमेरिकेत नैराश्य ओळखण्यासाठी खास व्हिएतनामी भाषेतली प्रश्नावली तयार झाली, कारण इंग्रजी प्रश्नांचं नुसतं भाषांतर पुरेसं नव्हतं.

पाठीवर लाल पट्टे दिसले तर मारहाणीचा निष्कर्ष घाईने काढू नका. तेल लावून नाण्याने घासण्याचा तो घरगुती उपाय असतो, 'काव झॉ'. आधी विचारा.

घरातल्या मुलाला दुभाषी करणं. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. 1975 मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडल्यानंतर छावणीत कैद भोगलेले किंवा होडीतून समुद्र ओलांडून आलेले आजोबा चौदा वर्षांच्या नातवासमोर काय सांगतील? 'बरा आहे' एवढंच. आणि ते खरंच बोलले, तर नातवाने ते ऐकायचं, वर त्याचं इंग्रजीही करायचं! प्रशिक्षित दुभाषी मागवा. तो त्याच गल्लीतला असेल, तर पॅगोड्यात किंवा चर्चमध्ये गाठ पडेल ही धास्ती असते. अशा वेळी दुसऱ्या शहरातला दुभाषी फोनवर घ्या, आणि तो दूरचा आहे हे आधीच सांगा.

सगळ्यांना एकाच साच्यात बसवणं. कुणी निर्वासित, कुणी लग्न करून आलेली, कुणी कालपरवा आलेला विद्यार्थी. युद्धाच्या आठवणी तुम्ही उकरू नका; त्यांनी काढल्या तर शांतपणे ऐका.

वडीलधाऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारणं. तिथेही वयानुसार नाती लावून बोलतात. वडिलांहून मोठ्याला 'बाक', धाकट्याला 'चू'. काका-मामा म्हणत वाढलेल्या आपल्याला हे सांगायला नको, तरी इंग्रजीत बोलताना आपणही विसरतो.

घरच्यांना दोष देणं. घरात एक जण आजारी म्हटला की बहिणीचं लग्न अडेल, ही भीती त्यांना लपवायला लावते. त्यांच्यावर चिडू नका. काय कुणाला कळेल आणि काय कळणार नाही, ते स्पष्ट सांगा.

एका बाबतीत मात्र आडवळण नको. 'जगण्यात अर्थ नाही' असं कानावर आलं, तर मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. माणसाला एकटं सोडू नका. अमेरिकेत 988 या आत्महत्या रोखण्यासाठीच्या मदत क्रमांकावर फोन लावा, दुभाषी मागा आणि जोडला जाईपर्यंत शेजारी बसून राहा.