लोगोला जेपेग नको

वेबसाइटवरच्या लोगोत अक्षरांच्या कडेला राखाडी धुरळा दिसतोय? मग तो बहुधा जेपेगमध्ये, म्हणजे फोटोंसाठीच्या .jpg फाइल प्रकारात सेव्ह झालाय. जेपेग चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येकातला बारीक तपशील गाळतं. आकाश, चेहरा, ताटातली पुरणपोळी अशा फोटोंत ते डोळ्याला कळतही नाही. पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षराची कड मात्र लगेच विस्कटते. शिवाय जेपेगमध्ये पारदर्शकता नाही, त्यामुळे रंगीत पट्टीवर लोगोभोवती पांढरा डबा उमटतो.

लोगो, आयकॉन, आलेख यांना शक्यतो एसव्हीजी हा फाइल प्रकार. त्यात पिक्सेल नसतात, रेषांचं गणित असतं. कितीही मोठं करा, कड जशीच्या तशी. डिझायनरकडून मूळ फाइल मागून घ्या आणि झूम करून बघाच, कारण एसव्हीजीच्या पोटात जेपेग चिकटवून देणारेही भेटतात.

स्क्रीनशॉटला पीएनजी, म्हणजे तपशील न गाळणारा फाइल प्रकार. फोटोला जेपेग, सेव्ह करताना क्वालिटी 100पैकी 80च्या आसपास, नाहीतर वेबपी हा त्याहून नवा प्रकार. वेबपी आता सगळे प्रमुख ब्राउझर उघडतात.

आणि बिघडलेलं जेपेग पीएनजी म्हणून सेव्ह केल्याने सुधारत नाही, फाइल तेवढी फुगते. हा उद्योग मी स्वतः करून बसलोय.