रक्ताची उलटी आणि पोर्टल दाब : मेडिसिनच्या नव्या रेसिडेंटसाठी

ठाण्यात मेडिसिनची रेसिडेन्सी करताना व्हेरिसेसचे, म्हणजे अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांचे, रुग्ण लवकरच भेटू लागतात. मुंब्रा, दिवा, शहापूर, मुरबाड अशा भागांतून रक्ताच्या उलट्या होत असलेली माणसे कॅज्युअल्टीत येतात आणि आपले यकृत बिघडले आहे, हे त्यांतील काहींना तोपर्यंत ठाऊकही नसते.

या विषयाचा अभ्यास एंडोस्कोपीच्या चित्रांपासून न करता दाबापासून सुरू करावा, असे मी आवर्जून सांगेन. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल शिरेतून, म्हणजे आतडी व प्लीहेकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतून, येते. सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झाल्यावर, ही वाट अडते आणि निरोगी माणसात १ ते ५ मिलिमीटर पारा असलेला यकृतशिरांतील दाबफरक (पोर्टल शीर आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा यांच्या दाबांतील फरक) वाढू लागतो. तो १० वर पोहोचला की अन्ननलिकेच्या खालच्या भागातील शिरा फुगू शकतात, आणि १२ वर गेल्यास त्या फुटण्याचा धोका असतो. एवढे नीट समजले, की प्लीहा का वाढते, प्लेटलेट का घटतात आणि पोर्टल दाब कमी करणारे कार्वेडिलोल का देतात, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

रात्रपाळीत सर्वांत कठीण जाते ते रक्त देताना हात आखडता घेणे. समोर रक्त वाहत असते, नातेवाईक बाटल्या आणायला धावायच्या तयारीत असतात. तरीही हिमोग्लोबिन ७ ते ८ ग्रॅमच्या आसपास राखणे बहुतेक रुग्णांत पुरेसे असते, कारण जास्त रक्त दिल्याने पोर्टल दाब वाढून रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. पोर्टल दाब उतरवणारे टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड व्हेरिसेसमधून रक्तस्रावाची शंका येताच सुरू करावे, एंडोस्कोपीची वाट पाहू नये. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे प्रतिजैविकही त्याच वेळी द्यावे. प्रतिजैविकामुळे या रुग्णांतील संसर्ग आणि मृत्यू कमी होतात, म्हणून ते दुय्यम समजणे मला अजिबात मान्य नाही. रुग्ण गुंगीत असेल तर आधी श्वासमार्ग सुरक्षित करावा. प्रकृती स्थिर झाल्यावर, शक्यतो १२ तासांच्या आत, एंडोस्कोपी व बँडिंग (फुगलेल्या शिरांना रबरी कडी बसवणे) व्हावे.

लहान मुलाला अशी उलटी झाली आणि प्लीहा मोठी असूनही यकृताच्या चाचण्या जवळपास ठीक आल्या, तर पोर्टल शीरच बंद झाली असल्याची शक्यता तपासावी. आपल्या देशात मुलांमध्ये हे महत्त्वाचे कारण आहे.

डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या बँडिंगची तारीख ठळक लिहावी. शिरा पूर्ण दबेपर्यंत साधारण २ ते ४ आठवड्यांनी बँडिंग पुन्हा करावे लागते, आणि उलटी थांबल्यावर आजार बरा झाला असे समजून घरी राहणाऱ्या रुग्णाला हे त्याच्या बोलीत, नातेवाइकांसमोर समजावणे हे रेसिडेंटचेच काम आहे.