गुळाच्या भावावर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

एमए इकॉनॉमिक्स असो की एमएस्सी स्टॅटिस्टिक्स, प्रोजेक्टची वेळ आली की कोल्हापुरात दरवर्षी कुणाला तरी गूळ सुचतोच. मार्केट यार्ड हाताशी, घरचा ऊस, शिवाय भौगोलिक मानांकनाचं प्रस्तावनेत लिहायला बरं पडतं. विषय झकास आहे. पोरं अडकतात ती मॉडेलमध्ये नाही, एक्सेलच्या फाईलमध्ये.

सगळ्यात छळते ती तारीख. आपण ०५/११ म्हणजे ५ नोव्हेंबर समजतो. संगणकाची सेटिंग अमेरिकन असली तर एक्सेल ते ११ मे करून टाकतं, तेही गुपचूप. प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस असे वर्षभर विखुरतात. तेरा तारखेपासून पुढे मात्र महिना तेरावा नसतोच, म्हणून त्या नोंदी नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. ओळखायचं कसं? रकाना नीट बघा: खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. माझ्या आलेखात ऐन आषाढात गुळाची दणकून आवक दिसत होती. गुऱ्हाळं बंद, बाहेर धो-धो पाऊस, आणि मी त्यावर 'हंगामी बदल' म्हणून दोन पानं लिहून मोकळा! उपाय साधा: फाईल थेट उघडू नका. आयात करताना त्या रकान्याला दिवस-महिना-वर्ष असा क्रम सांगा. एकदा बिघडलेली फाईल दुरुस्त करत बसण्यापेक्षा मूळ फाईल पुन्हा उतरवून घ्या.

दुसरी, सुट्टीच्या दिवसाचं शून्य. सौदे झाले नाहीत म्हणजे भाव शून्य झाला नाही. सहा दिवस ४,००० रुपये क्विंटल आणि सातव्या दिवशी शून्य धरलंत, तर आठवड्याची सरासरी ३,४२९ वर येते. पुढे भावाचा लॉग (लॉगरिदम) घेतला की त्या शून्यावर सगळं कोसळतं, कारण शून्याचा लॉग निघतच नाही. मग काही जण शून्याच्या जागी १ टाकतात. अरे बाबा, एक रुपया क्विंटल गूळ कुठं मिळतो ते मलाही सांग! जागा रिकामीच ठेवा.

मग येतो तो आर-स्क्वेअर, म्हणजे मॉडेल आकड्यांशी किती जुळलं हे सांगणारा, एकच्या जवळ गेला की खूश करणारा आकडा. गुळाचा भाव आणि साखरेचा भाव, दोन्ही वर्षानुवर्षं चढते. एकावर एक रिग्रेशन चालवलं, म्हणजे एका भावावरून दुसऱ्याचा अंदाज बांधला, की ०.९५ येतो आणि पेढे वाटायची तयारी. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या अर्थमितीतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच यातली मेख दाखवली होती: एकमेकांशी काही संबंध नसलेल्या मालिकाही असं घट्ट नातं दाखवू शकतात. आर-स्क्वेअर डर्बिन-वॉटसनपेक्षा (मॉडेलच्या लागोपाठच्या चुका एकमेकींशी किती जोडलेल्या आहेत ते सांगणारा आकडा) मोठा दिसला की तिथंच थांबा. आधी युनिट रूट तपासा, म्हणजे मालिका भरकटत जाणारी आहे का ते बघा; असेल तर भावाऐवजी आदल्या नोंदीपासूनचा फरक घेऊन पुन्हा चालवा, आणि कोइंटिग्रेशन, म्हणजे दोन भरकटणाऱ्या मालिका दीर्घकाळ एकमेकींना धरून चालतात का, हे बघितल्याशिवाय 'दीर्घकालीन संबंध' हे शब्द लिहू नका.

मशीन लर्निंगवाल्यांसाठी एकच. भावांची फाईल पत्त्यांसारखी पिसून ऐंशी टक्के शिकवायला, वीस टक्के तपासायला अशी वाटू नका. मॉडेलला शुक्रवारचा भाव शिकवून गुरुवारचा विचारलात तर ते बरोबर सांगणारच. तारखेवर रेघ मारा: रेघेआधीचं शिकायला, रेघेनंतरचं तपासायला.

आणि गूळ सोडून पीएलएफएसच्या (केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाच्या) रोजगाराच्या आकड्यांकडे वळणार असाल तर मल्टिप्लायरचा रकाना विसरू नका. एक ओळ किती माणसांच्या वतीने बोलते ते तो सांगतो, आणि ही संख्या प्रत्येक ओळीला सारखी नसते; नुसती सरासरी काढलीत तर तुमचा बेरोजगारीचा दर छापील अहवालाशी जुळायचा नाही, आणि रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसाल.