हाताने रंगवलेल्या कापडावर सुई धरण्याआधी

मी कापडावर भरलेला पांढरा बगळा निळसर झाला, तेव्हापासून हाताने रंगवलेलं कापड मी आधी भिजवते, मगच सुई हातात घेते.

निळीत रंगवलेली मॅटी, म्हणजे भरतकामाचं जाडसर विणीचं कापड, होती ती. कपड्यांना घालतो ती नीळ नव्हे, झाडापासूनची. विकणाऱ्या बाईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "रंग पक्का आहे हो, बिनधास्त घ्या." दोन महिने भरत बसले. शेवटी कापड ताणून धरणाऱ्या रिंगचा वळ जावा म्हणून कापड पाण्यात टाकलं, तर टबात शाई! नशीब, तसंच वाळत घातलं नाही. ओलं आहे तोवर दोऱ्याला लागलेला रंग निघायची आशा असते. वाळून वर इस्त्री फिरली की संपलं. आठ-दहा वेळा थंड पाणी बदललं, तरी पंखाखाली झाक राहिलीच. येणारे-जाणारे म्हणतात, "शेडिंग काय सुंदर जमलंय!" मी गप्प बसते.

म्हणून खरेदीला जाताना पर्समध्ये एक पांढरा सुती रुमाल ठेवा. कोपरा ओला करून कापडावर दहा-बारा वेळा घासा. नीळ धाग्यावर वरवरच बसते, त्यामुळे थोडी लागणारच. पण रुमाल गडद झाला तर कापड खाली ठेवा. घरी आणल्यावर थंड पाणी आणि सौम्य साबण, पाणी नितळ येईपर्यंत. मग ओलं कापड पांढऱ्या चिंधीत गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी चिंधी कोरी निघाली तर बगळे भरायला हरकत नाही. मीठ किंवा व्हिनेगर घालून रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात. रंगवताना रंगाच्या पाण्यात मिठाचं काम असतं, पण उतरणाऱ्या सुती कापडाला नंतर मिठात भिजवून काही होत नाही.

विणीची घरं मोजून टाके भरायचे असतील तर आणखी एक भानगड. रंगवताना कापड गरम पाण्यातून जातं नि आटतं, तेही उभं-आडवं सारखं नाही. चौदाची आयडा, म्हणजे इंचाला चौदा घरं असलेलं भरतकामाचं कापड, असेल तर चार इंचांत ५६ घरं हवीत. पट्टी ठेवून सुईच्या टोकाने दोन्हीकडे मोजा. आडवी ५६ आणि उभी ५९ आली, तर तुमचं गोल कमळ बसकं होणार. हे मोजणं भिजवून वाळवल्यावरच करा. आणि कापड लागेल तेवढं एकदाच घ्या, चारही बाजूंना तीन-तीन इंच जास्त धरून. तीच छटा पुन्हा मिळेल या भरवशावर राहू नका.

ढगाळ, डागाडागांचं कापड दुकानात भुरळ पाडतं, पण त्यावर बारीक रेघांची नक्षी हरवते. तिथे ठसठशीत, भरीव आकार घ्या. दोऱ्याच्या लड्या कापडावर टाकून दुकानाच्या दारात, दिवसाउजेडी बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग घरी आल्यावर दगा देतो.

वनस्पतींच्या रंगांचे नखरे वेगवेगळे. हळदीचं पिवळं उन्हात पाहता पाहता उडतं आणि साबण लागला की लालसर होतं, वरणाचा डाग धुताना होतो तसं. भिंतीवर लावायच्या कामाला मी ते घेतच नाही. डाळिंबाच्या सालीचं, तुरटी दिलेलं पिवळं त्यापेक्षा कितीतरी टिकाऊ. लोखंडाच्या पाण्याने काळपट केलेल्या कापडावर लिंबाचा थेंब पडला तर फिका डाग उमटतो, म्हणून सरबताचा पेला लांब. पाण्याने पुसणारं पेन वापरणार असाल तर आधी काठावर एक रेघ ओढून पुसून बघा. मला साधा खडू बरा वाटतो.

रिंगला सुती पट्टी गुंडाळा आणि रात्री काम थांबवताना कापड काढून ठेवा. धुतल्यावर पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सावलीत वाळवायचं, इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून.

उरलेली कापडं मी पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून जुन्या मलमलीत ठेवते. प्लास्टिकमध्ये नाही, पावसाळ्यात बुरशी धरते. बगळा तेवढा बाहेर आहे, जिन्याच्या भिंतीवर, जिथे ऊन येत नाही.