नीलम घेताना 'खरा आहे ना?' एवढंच विचारू नका

आत्याची नीलमची अंगठी सैल झाली होती. कारागिराने खडा न काढताच कडं कापून डाख दिला. अंगठी घरी आली तेव्हा निळ्या खड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढुरक्या रेषा उमटलेल्या. त्या नीलममधल्या भेगा काचेने भरलेल्या होत्या आणि आचेने ती काच बिघडली. घेताना आत्याने विचारलं होतं, "खरा आहे ना?" "हो" हे उत्तर तसं खोटंही नव्हतं.

पहिली चूक इथेच होते. व्हर्नॉय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९०२ मध्ये भट्टीत माणिक बनवण्याची रीत जाहीर केली आणि काही वर्षांत नीलमही तसाच बनू लागला. रासायनिकदृष्ट्या तोही नीलमच! म्हणून विचारा: खाणीतला की भट्टीतला? त्यावर कोणती प्रक्रिया झाली? उत्तर बिलावर लिहून घ्या आणि मोठ्या खड्याला प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा.

दहापट भिंगातून पाहिलं तर या भट्टीच्या खड्यात कधीकधी ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या वक्र रेषा दिसतात. खाणीतल्या खड्यात रंगाचे पट्टे सरळ, कोनात वळलेले असतात. पण रेषा दिसल्या नाहीत म्हणून खडा खाणीतलाच, असं मुळीच समजू नका.

नुसता तापवलेला नीलम म्हणजे फसवणूक, हाही गैरसमज. तापवून खुललेला रंग टिकतो; फक्त ते सांगून विकायला हवं आणि किंमतही त्याप्रमाणे हवी. काचभरणीचं तसं नाही. तिला लिंबाचा रससुद्धा सोसत नाही.

'काश्मिरी' शब्दाला भुलू नका. किश्तवाडजवळच्या पाडरच्या खाणीचा बहर १८८० च्या दशकातच ओसरला. बाजारात पुष्कळदा तो शब्द नुसत्या रंगासाठी वापरतात.

पुष्कराज घेतानाही जपा. शनीचा नीलम आणि गुरूचा पुष्कराज हे एकाच खनिजाचे, कुरुविंदाचे, दोन रंग. पण टोपाझ या वेगळ्याच खनिजाचा पिवळा खडाही पुष्कराज म्हणून विकला जातो आणि तो बराच स्वस्त असतो.

वजन रत्तीत सांगितलं तर कॅरटमध्ये लिहून मागा. रत्ती दुकानागणिक बदलते, कॅरट मात्र सगळीकडे ०.२ ग्रॅमच.

आणि अंगठी दुरुस्तीला देताना कारागिराला आधी खडा काढायला सांगा, तोही तुमच्या समोर.